यंत्र आले, वाचणारे डोळे कोठे आहेत?

मागास भागाच्या विकासाचा हिशोब मांडताना आपण सहसा मोजता येणाऱ्या वस्तूच मोजतो. रस्ते किती किलोमीटर झाले, रुग्णालय किती खाटांचे झाले, कोणते नवे यंत्र आले, याची यादी अंदाजपत्रकात असते, उद्घाटनाच्या भाषणात असते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातही असते. ते यंत्र वापरणाऱ्या आणि त्याने दिलेली माहिती समजून घेणाऱ्या माणसाच्या शिक्षणावर काय खर्च झाला, हा रकाना मात्र त्या यादीत सापडत नाही. धरणाची भिंत उभी राहावी आणि शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्या राहून जाव्यात, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. वैद्यकीय सेवेतही आता तोच प्रकार घडत आहे. आणि त्याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे पाठीच्या कण्याची एमआरआय तपासणी.

मुखेड तालुक्यातील कंबरदुखीचा रुग्ण या तपासणीसाठी बहुधा नांदेड वा लातूरची वाट धरतो. परत येताना त्याच्या हातातील पिशवीत काळ्या फिल्मा असतात आणि त्यांच्याबरोबर एक-दोन पानांचा इंग्रजी अहवाल असतो. एस.टी.त, पारावर आणि घरात त्या अहवालाचे मराठी भाषांतर तीन वाक्यांत उरकले जाते: ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’. ही वाक्ये एकदा उच्चारली गेली की त्या कुटुंबाचे अर्थकारण बदलते. ऊसतोडीला जाणारे जोडपे, म्हणजे मुकादमाच्या हिशोबातील ‘एक कोयता’, अर्धे होऊन बसते. घेतलेली उचल अंगावर राहते. शेळी, दागिना, प्रसंगी जमिनीचा तुकडा विकण्याची भाषा सुरू होते. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांच्या परिषदेत चर्चिला जावा असा नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनीही त्याकडे लक्ष द्यावे, इतका तो आपल्या घराजवळचा आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की, एमआरआय यंत्रे वाढविण्याइतकीच निकड ती चित्रे वाचण्याच्या प्रगत, पदव्युत्तर प्रशिक्षणाची आहे. आणि हे प्रशिक्षण मुंबई-पुण्यापुरते न ठेवता नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून, आजूबाजूच्या तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे.

यंत्र काय दाखवते, काय दाखवत नाही

एमआरआय हे विसाव्या शतकातील विज्ञानाचे एक अपूर्व देणे आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. शरीरातील पाण्यात व चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून, त्यांच्यावर रेडिओ लहरी सोडून, त्यांच्याकडून परत येणाऱ्या संदेशांतून हे चित्र तयार होते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तत्त्वावर प्रतिमा घेता येते हे दाखवून दिले. पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्याचे गणित व तंत्र पुढे नेले. आणि २००३ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात हाड दिसते; दोन मणक्यांमधील चकती, मज्जारज्जू, त्यातून निघणाऱ्या नसा आणि हाडाच्या आतील मज्जा दिसत नाहीत. एमआरआयमध्ये त्या दिसतात. या शोधाने कित्येकांचे पांगळेपण टळले आहे.

परंतु दिसणे आणि कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९० मध्ये अमेरिकेतील बोडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांना कधीही कंबरदुखी झाली नव्हती अशा ६७ व्यक्तींचे एमआरआय काढले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश व्यक्तींच्या कण्यात ठळक दोष दिसला. १९९४ मध्ये जेन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच ९८ निरोगी लोक तपासले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली होती, आणि ज्यांच्या सर्व चकत्या ठाकठीक होत्या असे लोक अवघे ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचे एकत्रित विवेचन प्रसिद्ध झाले. त्यात वेदना नसलेल्या ३,११० व्यक्तींचा समावेश होता. चकतीची झीज विशीतील ३७ टक्के लोकांत दिसत होती आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत. याचा अर्थ उघड आहे. केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. पन्नाशीच्या शेतमजुराच्या कण्यात झीज दिसली म्हणजे त्याच्या वेदनेचे कारण सापडले, असे मुळीच नाही. कदाचित ते कारण असेल, कदाचित त्याचा वेदनेशी काही संबंधही नसेल. कोणते ते रुग्णाला तपासून आणि चित्राशी ताडून पाहूनच ठरते. डावा पाय दुखत असताना चित्रात उजवी नस दबलेली दिसली, तर चित्र खोटे नसते; पण ते त्या दुखण्याचे उत्तरही नसते.

अहवालातील शब्दांची गोष्ट तर याहून अवघड आहे. चकती सर्व बाजूंनी किंचित फुगणे, एका जागी पुढे येणे आणि तिचा गाभा फुटून बाहेर पडणे या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. त्यांचे महत्त्व वेगळे, उपाय वेगळे. अमेरिकेतील मणकाविषयक तीन संस्थांना २००१ मध्ये एकत्र बसून या शब्दांच्या व्याख्या ठरवाव्या लागल्या आणि २०१४ मध्ये त्या पुन्हा सुधाराव्या लागल्या. तज्ज्ञांना ज्या शब्दांसाठी दोनदा बसावे लागले, ते सर्व शब्द आपल्याकडे ‘गॅप’ या एका शब्दात विरघळून जातात.

एक रुग्ण, दहा अहवाल

वाचनाचा दर्जा किती बदलतो, याचा एक डोळे उघडणारा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या ६३ वर्षांच्या एका महिलेचा एमआरआय तीन आठवड्यांच्या अवधीत दहा निरनिराळ्या केंद्रांत काढण्यात आला. कणा तोच, दुखणे तेच. दहा अहवालांत मिळून ४९ निरनिराळी निरीक्षणे नोंदलेली आढळली. आणि त्यांपैकी एकही निरीक्षण दहाही अहवालांत समान नव्हते. हा प्रकार अमेरिकेतला, जेथे साधनांची वा शिक्षणसंस्थांची वाण नाही. तेव्हा आपल्याकडे एका दिवसात ढीगभर तपासण्या वाचणाऱ्या, रुग्णाचे तोंडही न पाहिलेल्या आणि ‘कंबरदुखी’ एवढा एकच शब्द लिहिलेल्या चिठ्ठीच्या आधारे अहवाल देणाऱ्या डॉक्टरकडून किती अपेक्षा करावी, हा विचार ज्याने त्याने करावा.

यात अहवाल लिहिणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. रेडिऑलॉजीतील एम.डी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. त्या तीन वर्षांत त्याने डोक्यापासून पायापर्यंतचे सारे शरीर आणि क्ष-किरण, सोनोग्राफी, सिटी, एमआरआय अशी सारी साधने शिकावयाची असतात. कणा हा त्यातील एक भाग. दुसऱ्या बाजूला अस्थिरोगतज्ज्ञ वा फिजिशियन रुग्णाला हाताने तपासतो, पण चित्र वाचण्याचे पद्धतशीर शिक्षण त्याला फारसे मिळालेले नसते. तो अहवालाची शेवटची चार ओळींची तात्पर्ये वाचतो. एकाच्या हाती चित्र आहे आणि रुग्ण नाही. दुसऱ्याच्या हाती रुग्ण आहे आणि चित्राची भाषा नाही. या दोघांना जोडणारी जी विद्या आहे, ती कोणाच्याच अभ्यासक्रमात पुरेशी नाही. प्रगत प्रशिक्षणाची गरज येथे उत्पन्न होते.

बेंगळुरूसारख्या शहरांतील भारतीय डॉक्टर या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेतील रुग्णालयांच्या रात्रीच्या तपासण्या संगणकावर वाचीत आले आहेत आणि त्यांच्या कामाला तेथे मान आहे. म्हणजे आपल्या डोळ्यांत गुण नाही असे नाही. तो गुण जेथे पैसा आहे तेथे जातो, इतकेच.

चुकीच्या वाचनाची दोन्ही टोके

वाचनातील उणीव दोन दिशांनी नुकसान करते. पहिली दिशा अनावश्यक उपचारांची. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंबरदुखीच्या ३८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांचे साधे क्ष-किरण चित्र आणि निम्म्यांचा झटपट एमआरआय काढण्यात आला. वर्षअखेर दोन्ही गटांची प्रकृती जवळजवळ सारखीच होती. मात्र पहिल्या गटात चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि एमआरआयच्या गटात दहा. चित्र हाती आले की काहीतरी करावेसे वाटते, रुग्णालाही आणि डॉक्टरलाही. वस्तुत: नव्याने उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते; धोक्याचे चिन्ह नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत अशी तपासणी करू नये, असे अमेरिकेतील डॉक्टरांच्या संस्थाच आपल्या सभासदांना सांगतात.

दुसरी दिशा याहून घातक आहे, आणि आपल्या भागासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत; आणि हाडासांध्यांचा जो क्षय होतो, त्यापैकी सुमारे निम्मा मणक्यांचा असतो. त्याची सुरुवात साध्या पाठदुखीनेच होते. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री जाग आणणारी वेदना या खुणा कोणी विचारल्या तरच कळतात. एमआरआयमध्ये लगतच्या दोन मणक्यांच्या कडा आणि मधली चकती बिघडलेली, बाजूला पू साचलेला, कधी दूरच्या एखाद्या मणक्यातही तोच डाग, असे चित्र दिसते. कर्करोग मणक्यात पसरतो तेव्हा चकती बहुधा शाबूत राहते. दुभत्या जनावरांपासून होणारा ब्रुसेलाचा संसर्गही मणक्यात उतरतो आणि तो क्षयासारखा दिसतो. ज्या भागात घरोघर जनावरे आहेत आणि कच्चे दूध पिण्यात येते, तेथे ही शक्यता वाचणाऱ्याच्या मनात असावयास हवी. हे फरक पाहणाऱ्या डोळ्याला शिकवावे लागतात. ते न शिकलेला डोळा क्षयाला ‘झीज’ म्हणतो, रुग्ण पट्टा बांधून व वेदनाशामक गोळ्या घेऊन महिने काढतो, आणि एके दिवशी त्याचे पाय हलेनासे होतात.

या आजारात वेळेवर निदान झाले तर औषधांनी बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होऊ शकतात. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपल्या ‘मध्यम मार्गा’चे निष्कर्ष प्रसिद्ध करून हे जगाला दाखविले. सरसकट शस्त्रक्रियाही नको आणि केवळ अंथरुणाला खिळविणेही नको. औषधे द्यावीत, आणि नसांवरील दाब उतरेना अशाच रुग्णावर शस्त्रक्रिया करावी, असा तो मार्ग होता. क्षयाची औषधे शासन मोफत देते. पण मोफत औषधाला निदानाचे दार उघडावे लागते. ते दार बंद राहिले तर मोफत औषध गोदामातच राहते. शासनाची एक गुंतवणूक निष्फळ ठरते, कारण दुसरी, त्या मानाने फार लहान गुंतवणूक केलेली नसते.

बाजाराचा नियम येथे का चालत नाही

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एका विख्यात निबंधात असे दाखविले की, वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नसते. भाजी घेणाऱ्याला भाजी कळते. औषधोपचार घेणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत हे कळत नाही. काय घ्यावयाचे ते विक्रेताच ठरवितो. त्यामुळे येथे ग्राहकाच्या निवडीवर विसंबता येत नाही. विश्वास, व्यावसायिक शिस्त आणि शिक्षण या गोष्टींवर विसंबावे लागते. मणक्याच्या एमआरआयच्या बाबतीत तर ही विषमता दुहेरी आहे. रुग्णाला चित्र कळत नाही हे उघडच आहे. पण रुग्णाचा डॉक्टरही जर ते चित्र वाचू शकत नसेल, तर त्याच्या वतीने व्यवहार तपासणारे कोणीच उरत नाही. 

या अंधारात काय वाढते, हे आपल्याच भागातून गेलेल्या एका डॉक्टरने धैर्याने दाखवून दिले. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहून विंचूदंशावर जे संशोधन करीत आले, त्याने जगाचे लक्ष वेधले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. २०१३ मध्ये एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठविल्याबद्दल तपासणी केंद्राकडून त्यांच्याकडे १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार नोंदविली. ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द त्यानंतर उघडपणे चर्चेत आला आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने तिला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा मसुदा करविला.

प्रशिक्षणाने लोभ नाहीसा होत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी कायदाच हवा. तथापि लोभाला जे आश्रय देते ते अज्ञान प्रशिक्षणाने कमी होते. तपासणी केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही हे ज्याला नेमके ठाऊक आहे, चित्र समोर आल्यावर जो ‘हे वयाचे आहे, हे आजाराचे आहे’ असे सांगू शकतो, असा तालुक्यातील डॉक्टर हा रुग्णाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचा संरक्षक आहे.

काय करता येईल

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झाले, आणि पदव्युत्तर पदवीनंतरचे फेलोशिप अभ्यासक्रम चालविण्याची सोय त्याच्याकडे आहे. म्हणजे नवी संस्था उभारावयाची नाही. आहे त्या संस्थांना एक काम जोडून द्यावयाचे आहे.

हा अभ्यासक्रम दोन पातळ्यांचा असावा. रेडिऑलॉजिस्ट, अस्थिरोगतज्ज्ञ आणि मेंदू व मज्जासंस्थेचे तज्ज्ञ यांच्यासाठी वर्षभराचा, नोकरी वा व्यवसाय सांभाळून करता येईल असा, महिन्यातून दोन दिवसांचा प्रगत अभ्यासक्रम. आणि उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी व तालुक्यातील फिजिशियन यांच्यासाठी त्याहून आटोपशीर असा. पहिल्या गटाने अहवाल लिहावयास शिकावे. दुसऱ्याने तपासणीसाठी पाठविताना चिठ्ठीवर काय लिहावे, अहवालाला कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणत्या खुणा दिसताच रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवावे, हे शिकावे. लघवी अडली आहे, बैठकीची जागा बधिर झाली आहे, अशा रुग्णाला उशीर झाला तर पुढे निष्णात सर्जनही हात टेकतो.

शिकविण्याची पद्धतही व्याख्यानांची नसावी. दोन्ही रुग्णालयांतील जुन्या तपासण्या, नावे काढून टाकून, एकत्र कराव्यात. प्रत्येक शिकणाऱ्याने आधी स्वत: वाचून लेखी मत द्यावे; मग त्या रुग्णाचे पुढे काय झाले, शस्त्रक्रियेत काय सापडले, सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत काय निघाले, ते समोर ठेवावे. आपले वाचन आणि वस्तुस्थिती यांतील अंतर ज्याने शंभर वेळा पाहिले, त्याचा डोळा तयार होतो. त्या शंभरांत काही कणे पूर्णपणे निरोगी माणसांचे असावेत, म्हणजे वयाच्या खुणा ओळखण्याची सवय लागेल.

अहवालातच एखादे वाक्य छापून भागणार नाही काय, असे कोणी विचारील. ‘अशी झीज या वयातील निरोगी माणसांतही आढळते’ हे वाक्य अहवालात घालण्याचा प्रयोग अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांवर झाला आणि त्याचे फळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मणक्यावरील तपासण्या व उपचार यांच्या एकूण प्रमाणात त्याने घट झाली नाही. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. वाक्य छापणे सोपे असते. ते वाक्य रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याच्या कंबरेवर हात ठेवून समजावून सांगणारा डॉक्टर घडविणे अवघड असते. म्हणून अहवालाबरोबर अर्ध्या पानाचा मराठी सारांश जरूर द्यावा, पण तो प्रशिक्षणाच्या जागी नव्हे, जोडीला.

आक्षेप आणि उत्तरे

या सूचनेवर चार आक्षेप येतील. पहिला रेडिऑलॉजिस्टांचा: आमचे काम इतरांनी का शिकावे? सोनोग्राफीच्या बाबतीत २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवून दिले, तेव्हाही हा वाद न्यायालयापर्यंत गेला. येथे सुचविलेली गोष्ट वेगळी आहे. अहवालावरची सही रेडिऑलॉजिस्टचीच राहील. त्याला चांगली चिठ्ठी मिळावी आणि त्याचा अहवाल समजणारा वाचक मिळावा, यात त्याचाही मान वाढतो.

दुसरा आक्षेप यंत्रबुद्धीचा. संगणकच चित्र वाचणार असेल तर माणसे कशाला शिकवायची? संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये, रेडिऑलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल, असे म्हटले होते. ती पाच वर्षे केव्हाच उलटली. हिंटन यांना २०२४ मध्ये नोबेलही मिळाले. रेडिऑलॉजिस्टांची गरज मात्र उरलीच आहे. यंत्रबुद्धी मदतीला यावी, तिचे स्वागतच आहे. पण तिने दिलेले उत्तर या रुग्णाला लागू पडते की नाही, हे ठरविण्यासाठी तिच्याहून कमी शिकलेला माणूस उपयोगाचा नाही.

तिसरा आक्षेप असा की, शिकलेला डॉक्टर शहरात निघून जातो. हे नव्या पदवीधरांविषयी खरे आहे. येथे मात्र ज्यांचे दवाखाने, घरे, मुलांच्या शाळा मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर येथे आहेत, त्यांना शिकवावयाचे आहे. मुळे धरलेल्या झाडाला खत घालावयाचे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या याच शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. जेथे औषधे आणि परिचारिका पुरेशा आहेत की नाहीत हाच प्रश्न उभा राहतो, तेथे प्रगत प्रशिक्षणाची भाषा कोणी कशी करावी? या प्रश्नाला टाळता येणार नाही, आणि अर्भकांच्या कक्षातून एक रुपयाही काढून तो या कामाला लावावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका एमआरआय यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते. अशा प्रत्येक खरेदीतील एक लहानसा हिस्सा वाचणाऱ्यांच्या शिक्षणासाठी खरेदीच्या आदेशातच राखून ठेवावा, एवढेच मागणे आहे. त्याने यंत्राचा खर्च वाढत नाही. यंत्राचा उपयोग वाढतो. शिवाय रुग्णालय दुबळे होते त्याचे एक कारण हेही आहे की, तेथील अध्यापक आणि तालुक्यातील डॉक्टर यांच्यामध्ये ज्ञानाचा येजा करणारा मार्गच नाही. रुग्ण तेवढा वर जातो, तोही बहुधा उशिरा.

मुखेडचा दाखला

तालुक्याच्या गावी उच्च दर्जाची विद्या नांदू शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी मुखेडकडेच पाहावे. या गावात डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे उपचार केले, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशावरील त्यांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सापाचा प्रश्न शेतकऱ्याचा होता, म्हणून त्याचे उत्तरही शेतकऱ्याजवळच शोधले गेले. कंबरेचा प्रश्नही तसाच आहे. ऊसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणारी बाई, हमाल, गवंडी, दिवसभर वाकून निंदणी करणारी मजूर: हे आपल्या तालुक्याचे कणे आहेत. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते आणि माणसाला कामातून उठविणारे ते जगातील पहिल्या क्रमांकाचे दुखणे आहे, असा अंदाज ‘लान्सेट’च्या नियतकालिकात मांडला गेला आहे. त्या आकड्यात आपल्या बालाघाटच्या वाड्या-तांड्यांवरील माणसेही मोडतात.

लोकप्रतिनिधी यंत्राची मागणी करतात, कारण यंत्र दिसते. ते यंत्र मागतील तेव्हा त्यांना दुसरा प्रश्न विचारण्याचे काम शिक्षकांचे, कर्मचाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे आहे: या यंत्राची चित्रे कोण वाचणार, आणि त्यांना कोण, कोठे, किती दिवस शिकविणार? या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाल्याखेरीज यंत्र आल्याचा आनंद अपुराच मानावा. धरणाच्या भिंतीकडे पाहून शेत भिजत नाही. त्यासाठी चारी शेतापर्यंत यावी लागते.